रेल्वेला एक तार पुरते, मग आमच्या मोटारीला तीन का?



चामटोली हे गाव आपल्या कार्यक्षेत्रातले नाही. ठाणे जिल्ह्यात, अंबरनाथ तालुक्यात, बदलापूर आणि वांगणी या दोन स्टेशनांच्या मध्ये उल्हास नदीच्या बाजूला ते आहे. मुलूख भाताचा. आपल्या उसाशी त्याचा काडीइतका संबंध नाही. तरी २७ जुलै २०१९ पासून आपल्या भागात हे नाव पोराटोरांना पाठ झाले. आदल्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस त्या पहाटे चामटोलीजवळ पुराच्या पाण्यात अडकली. हजारावर उतारू डब्यांत, खाली रूळ दिसेनात. आपत्ती दलाच्या होड्या आल्या, नौदल व हवाई दल आले, आणि त्यांच्या जोडीला आजूबाजूचे गावकरी कमरेएवढ्या पाण्यात उतरले. सगळी माणसे सुखरूप निघाली. ज्यांचा आपला काही पाहुणापै नाही अशा गावाने आपल्याकडच्या माणसांना हात दिला, ही गोष्ट आपण विसरू नये.

आज चामटोलीची आठवण निघाली ती मात्र वेगळ्या कारणाने. त्या गाडीवरून जी तार जाते, त्या तारेवरून. आपल्या गटवार बैठकांत गेल्या दोन हंगामांत एक सवाल आम्हाला फिरून फिरून विचारला जातो : “एवढी मोठी रेल्वे, डझनावारी डबे, हजार माणसे, आणि ती चालते डोक्यावरच्या एका तारेवर. म्हणजे सिंगल फेजवर. मग आमच्या पाच हॉर्सपॉवरच्या मोटारीला थ्री फेजच का लागते? गावात सिंगल फेज चोवीस तास आहे, शेतात थ्री फेज आठ तास. द्या की आम्हाला बी सिंगल फेजवर पाणी पाजायला!”

सवाल हसण्यावारी नेण्यासारखा नाही. विचारणाऱ्याने तार बरोबर मोजली आहे. चामटोलीवरून जाणारी रेल्वेची तार खरोखरच सिंगल फेजची आहे. पंचवीस हजार व्होल्टची. (मुंबईकडे पूर्वी १५०० व्होल्टची डी.सी. वीज होती. १९२५ साली देशातली पहिली विजेची गाडी बोरीबंदर ते कुर्ला धावली ती त्या विजेवर. पुढे टप्प्याटप्प्याने बदल होत २०१६ पर्यंत मध्य रेल्वेचे मुंबईकडचे सारे मार्ग पंचवीस हजार व्होल्टच्या ए.सी.वर आले.) एक तार वर, आणि परतीची वाट रुळांतून. इतके खरे. पण पुढची निम्मी गोष्ट इंजिनाच्या पोटात आहे, आणि ती कुणी बघितलेली नसते.

तिथे पोचण्याआधी सिंगल फेज आणि थ्री फेज म्हणजे काय ते एकदा नीट बघू. बरेच सभासद समजतात की थ्री फेज म्हणजे तिप्पट जोराची वीज, आणि सिंगल फेज म्हणजे तीच पण पातळ केलेली. तसे नाही.

आपल्याकडची वीज ए.सी. आहे, म्हणजे ती एका सेकंदात पन्नास वेळा पुढे-मागे होते. गुऱ्हाळाचा जुना चरखा ज्यांनी बघितला असेल त्यांनी तो डोळ्यांपुढे आणावा. बैल सोडले, आणि एकच गडी एका जागी उभा राहून आडव्या दांड्याला दोर बांधून ओढतोय-ढकलतोय असे समजा. दांडा त्याच्या बाजूला असला की तो जोर लावतो. पण दांडा नेमका त्याच्या सरळ रेषेत आला की ओढून उपयोग नाही, ढकलून उपयोग नाही. चरखा फिरता असेल तर आपल्या वेगाने ती जागा ओलांडून जातो. थांबलेला असेल तर जागचा हलत नाही, आणि हललाच तर डावीकडे जाईल की उजवीकडे हे त्याचे त्यालाच ठाऊक. ही झाली सिंगल फेज. आता तीन गडी गोलात सारख्या अंतरावर उभे करा आणि सांगा, एकामागून एक, आपली पाळी आली की ओढायचे. कुठल्याही क्षणी कुणी ना कुणी ओढतच असतो. चरखा थांबलेला असला तरी फिरतो, ठरलेल्या दिशेनेच फिरतो, आणि धक्के न खाता फिरतो. ही थ्री फेज. लाल, पिवळा, निळा हे ते तीन गडी. तिघांचा जोर सारखाच, फक्त वेळ पुढे-मागे.

याचा पडताळा घरात आहे. छताचा पंखा सिंगल फेजवर चालतो. त्याचा कंडेन्सर गेला की बटण दाबल्यावर तो नुसता घुं करतो. काठीने पात्याला ढकला, फिरू लागतो. उलटे ढकला, उलटा फिरू लागतो. म्हणजे तो बारका कंडेन्सर पंख्यात दुसऱ्या गड्याचे काम करत असतो. खोटा गडी म्हणा हवे तर. पंख्याला, घरगुती चक्कीला, दोन हॉर्सपॉवरच्या कडबाकुट्टीला असा खोटा गडी चालून जातो. विहिरीवरच्या पाचच्या आणि नदीवरच्या पंधराच्या मोटारीला तो का चालत नाही, याला हिशेब आहे, आणि तो प्रत्येक सभासदाने उसाच्या बिलाइतक्या लक्षाने वाचावा अशी विनंती आहे.

पाच हॉर्सपॉवरची मोटर थ्री फेजवर भरल्या पाण्याने चालते तेव्हा प्रत्येक तारेतून साधारण साडेसात अँपिअर जातात. दाब दोन फेजांमध्ये चारशे ते चारशे पंधरा व्होल्ट. तेवढेच काम सिंगल फेजवर, २३० व्होल्टवर करून घ्यायचे म्हटले तर त्या तारेतून पंचवीस अँपिअरच्या आसपास जावे लागतात. म्हणजे तिपटीहून जास्त. आणि तारेत जी वीज नुसती उष्णता होऊन वाया जाते ती अँपिअरच्या वर्गाच्या हिशेबाने वाढते : अँपिअर दुप्पट तर नासाडी चौपट, तिप्पट तर नऊपट. तारा तीनऐवजी दोनच तापतात हे धरले तरी सिंगल फेजवरची नासाडी सात पटींच्या घरात जाते. ही नासाडी डी.पी.पासून विहिरीपर्यंतच्या तारेत होते, आणि आपल्याकडे तर कित्येकांची विहीर डी.पी.पासून दहा-दहा खांब लांब. तिथे पोचेपर्यंत २३० चे १८० व्होल्ट होतात. दाब कमी झाला की मोटर तेवढ्याच कामाला आणखी अँपिअर ओढते, आणखी तापते. पाणी थेंबाथेंबाने येते, मोटर मात्र चटका बसेल इतकी गरम.

आता इंजिनाच्या पोटात जाऊ. रेल्वेने यातला अँपिअरचा भाग कसा सोडवला? दाब पंचवीस हजार व्होल्टचा घेतला. दाब शंभरपट झाला की तेवढ्याच कामाला अँपिअर शंभराने कमी लागतात. म्हणून ती एक तार सहा हजार हॉर्सपॉवरचे इंजिन ओढू शकते. तीन तारा घ्यायच्या झाल्या तर धावत्या गाडीच्या टपावर एकमेकींपासून दूर राहणाऱ्या तीन सरकत्या जोडण्या करत बसायचे. ते जिकिरीचे, म्हणून एक तार. पण इंजिनात उतरल्यावर काय होते? आधी ट्रान्सफॉर्मर दाब उतरवतो, मग त्या विजेची डी.सी. करतात, आणि त्या डी.सी.तून पुन्हा तीन फेज तयार करतात! १९९० च्या दशकापासून जी नवी विजेची इंजिने आपल्या देशात आली आणि पुढे ज्या नव्या लोकलगाड्या मुंबईला धावू लागल्या, त्यांच्या चाकांना फिरवणाऱ्या मोटारी थ्री फेजच्याच आहेत. आपल्या विहिरीवर जी मोटर आहे तिच्याच जातीच्या, फक्त अंगाने दांडग्या. म्हणजे रेल्वेसुद्धा सिंगल फेजवर चाक फिरवत नाही. ती सिंगल फेज विकत घेते आणि आपल्या खर्चाने, कोट्यवधींची यंत्रे पोटात बाळगून, तिची थ्री फेज करते.

आणखी एक बारकी गोष्ट. ती सिंगल फेजसुद्धा येते कुठून? थ्री फेजच्या मोठ्या जाळ्यातूनच. रेल्वेचे एक उपकेंद्र तीनपैकी दोन फेजांवरून आपली वीज उचलते, पुढचे उपकेंद्र दुसऱ्या दोन फेजांवरून, त्यापुढचे तिसऱ्या जोडीवरून. म्हणजे तिन्ही गड्यांवर ओझे सारखे वाटले जावे. दोन उपकेंद्रांच्या हद्दीवर तारेत एक मेलेला तुकडा ठेवलेला असतो आणि गाडी तो आपल्या वेगाने ओलांडते, आपल्या चरख्यासारखीच. एवढा समतोल रेल्वे सांभाळते. आपल्या गावात काय चालते? ज्या फेजला दाब बरा त्या फेजवर सगळ्या गल्लीची सर्व्हिस वायर. मग तीच फेज संध्याकाळी आठला मान टाकते.

थ्री फेज हा काही आजकालचा शोध नाही. १८९१ साली जर्मनीत लाउफेन ते फ्रँकफुर्ट असे १७५ किलोमीटर अंतर तीन तारांवरून वीज नेऊन दाखवली, आणि तेव्हापासून जगाने हीच रीत धरली. आपल्याकडे खोपोलीचे टाटांचे वीजगृह १९१५ चे आणि भिवपुरीचे १९२२ चे. या भिवपुरीत वापरलेले पाणी पुढे उल्हास नदीला मिळते आणि बदलापूरकडे वाहत जाते. ते पाणी मुळात घाटावरच्या आंध्रा नदीचे, म्हणजे इंद्रायणीच्या आणि पर्यायाने भीमेच्या खोऱ्यातले. घाटावरचे पाणी घाटाखाली सोडून शंभर वर्षे वीज होते आहे, आणि घाटावरच्या ऊसवाल्याने मात्र विजेची वाट बघत रात्री बांधावर बसायचे. हा वाद मोठा आहे. त्यासाठी वेगळा अंक लागेल.

आता आपल्या घरच्या गोष्टीवर येतो, कारण हा लेख लिहायला बसलो ते त्यासाठीच. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत खेड्यांत अशी व्यवस्था आली की ठरलेल्या वेळी थ्री फेज बंद करून फक्त दिव्यापुरती सिंगल फेज सोडायची. गावाला उजेड मिळावा, शेतपंप मात्र बंद राहावेत, हा हेतू. शेतकऱ्याने काय केले? बाजारातून कंडेन्सर आणले, पेटीत चार जोडले, आणि थ्री फेजची मोटर सिंगल फेजवर चालवली. पुढे गावठाणाचे आणि शेतीचे फीडर वेगळे करण्याची योजना आली ती बऱ्याच अंशी याच कारणाने. आजही जिथे फीडर एक आहे, किंवा जिथे गावठाणाची लाईन शेताजवळून जाते, तिथे हा उद्योग चालू आहे. कुणाकुणाच्या विहिरीवर तो चालतो हे आम्हाला ठाऊक आहे. नावे छापण्याचा आमचा विचार नाही, पण काय होते ते छापणार.

कंडेन्सरवर चालवलेली मोटर आपल्या ताकदीच्या जेमतेम दोन-तृतीयांश काम देते. तिच्या तीन गुंडाळ्यांपैकी एकीवर जास्त भार पडतो आणि तीच काळी पडते. वायंडिंगची पन्नी किती टिकेल याचा एक ढोबळ हिशेब यंत्रवाले सांगतात : ठरलेल्या मर्यादेच्या वर दर दहा अंश उष्णतेला आयुष्य निम्मे. हे झाले स्वतःचे नुकसान. त्याबद्दल आम्ही कुणाला शिकवायला जाणार नाही. ज्याची मोटर त्याने जाळावी. पण डी.पी. कुणा एकाची नाही. आपल्याकडे शेतीसाठी ६३ के.व्ही.ए.ची डी.पी. पुष्कळ ठिकाणी आहे. तिन्ही फेजांवर भार वाटला तर तिच्यावर अकरा-बारा पाच हॉर्सपॉवरच्या मोटारी नीट चालतात. पण एका फेजच्या वाट्याला तिच्यातले एकवीसच के.व्ही.ए. येतात, म्हणजे नव्वदएक अँपिअर. पंचवीसाने भागा. चौथी मोटर चालू झाली की ती गुंडाळी मर्यादेबाहेर गेली. मग डी.पी. जळते आणि बाराच्या बारा जणांचे पाणी बंद होते. नवी डी.पी. बसेपर्यंतच्या दिवसांत मार्च-एप्रिलच्या उन्हात लागणीचे आणि खोडव्याचे किती टन वजन उडते, ते सभासदांना आमच्यापेक्षा जास्त कळते. ज्याने कंडेन्सर लावला त्याचा ऊस जसा वाळतो तसा ज्याने लावला नाही त्याचाही वाळतो.

यावर काही सभासद बाजारातला इलेक्ट्रॉनिक खोका दाखवतात. त्यात सिंगल फेज घातली की थ्री फेज बाहेर पडते, आणि मोटर जळत नाही. खरे आहे, इंजिनाच्या पोटातलाच तो प्रकार, लहान करून. मोटर वाचते. पण खोक्यात जाणारे अँपिअर पंचवीसच राहतात. खोका वीज तयार करत नाही, नुसते रूप बदलतो. ओझे त्याच एका फेजवर, त्याच डी.पी.वर.

कंडेन्सर म्हटले की आणखी एक गोंधळ होतो तो इथेच मिटवू. मोटारीच्या तिन्ही टोकांना जोडायचा जो आय.एस.आय. कपॅसिटर असतो, पाच हॉर्सपॉवरला साधारण दोन के.व्ही.ए.आर.चा, तो हा नव्हे. तो चांगला. त्याने मोटर लाईनमधून फुकटचे अँपिअर ओढायचे थांबवते, दाब सुधारतो, डी.पी. थंड राहते. कनेक्शन घेताना सगळे तो बसवतात आणि वर्षभरात तो काढून ठेवलेला किंवा सुकलेला सापडतो. जो बसवायचा तो काढायचा आणि जो लावू नये तो लावायचा, ही आपल्या शिवाराची तऱ्हा.

तशीच तऱ्हा प्रिव्हेंटरची. चालू मोटारीची एक फेज गेली, म्हणजे डी.पी.वर एक फ्यूज उडाला, तरी मोटर थांबत नाही. चरख्याचा एक गडी निघून गेला तरी उरलेले ओढत राहतात. पण राहिलेल्या दोन तारांतून पावणेदोन पट आणि जास्तही अँपिअर जातात आणि थोड्या वेळात वायंडिंगचा वास येतो. हे टाळायला स्टार्टरमध्ये रिले आणि सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर असतो. तो मोटर पाडतो. वारंवार पाडतो म्हणून आपण त्याला शिव्या घालतो आणि वायरमनला सांगून बायपास करून घेतो. म्हणजे राखणीचा कुत्रा भुंकतो म्हणून त्याला सोडून द्यायचे आणि चोरी झाली की कपाळाला हात लावायचा. वायरमनने खांबावर जोड बदलल्यावर मोटर चालू होते पण पाणी निम्मेच येते, अशी तक्रारही ऐकू येते. तिथे दोन फेजांची अदलाबदल होऊन मोटर उलटी फिरत असते. कुठल्याही दोन तारा आपसांत बदलल्या की सुलट होते. त्यासाठी पंप वर काढायची गरज नाही.

आणि ऑटो! लाईट आली की मोटर आपोआप चालू व्हावी म्हणून जो तो ऑटो स्विच लावतो. रात्री लाईट येते त्या क्षणी डी.पी.वरच्या बाराही मोटारी एकदम उठतात. सरळ स्टार्टरवर उठताना मोटर पाच-सहा पट अँपिअर मागते. बारा जणांनी एका दारातून एकाच वेळी बाहेर पडायचे म्हटले तर चौकट उखडणारच. ऑटो ठेवायचाच असेल तर उशिराने चालू होणारा ठेवावा, आणि कुणाचा किती मिनिटांनी हे डी.पी.वरच्या लोकांनी आपसांत ठरवावे.

हे सगळे वाचून एखादा म्हणेल, संपादक मंडळींना एसीत बसून आम्हाला उपदेश करायला काय जाते. तेव्हा दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे लिहितो. शेतकरी कंडेन्सर का लावतो? त्याला कायदा मोडायची हौस आहे म्हणून नव्हे. शेतीच्या फीडरला थ्री फेज आळीपाळीने मिळते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीत बाराला लाईट आली की माणूस बॅटरी घेऊन दारे धरायला निघतो. पायाखाली चिखल, उसात दोन हात पुढचे दिसत नाही. विंचू-सापाची भीती पहिल्यापासून होती. आता जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडच्या उसात बिबट्या पिल्ले घालतो आणि तिथल्या माणसांचे जीव गेले आहेत. ओल्या हाताने स्टार्टरच्या पेटीला हात लावावा तर पेटीला अर्थिंग नाही. अशा वेळी दिवसा गावठाणाच्या लाईनवर मोटर चालवायचा मोह कुणालाही होईल. त्याला चोर म्हणणे सोपे आहे. दिवसा थ्री फेज दिली तर शंभरातले नव्वद कंडेन्सर आपोआप उकिरड्यावर जातील, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वीज नाही म्हणून दिवसा देता येत नाही, हे उत्तर आता पुरेसे नाही. २०१७ साली राज्याने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा. उपकेंद्राजवळ सौर पट्टे बसवायचे आणि त्यांची वीज दिवसा शेतीच्या फीडरला सोडायची, ही कल्पना रास्त आहे. ऊन आणि पाण्याची गरज एकाच वेळी असते. २०२४ मध्ये मागेल त्याला सौर कृषी पंप ही योजना आली. त्या सौर पंपांतही गंमत बघा. पट्ट्यांतून येते डी.सी., आणि ए.सी. मोटर असेल तर कंट्रोलर तिची थ्री फेज करतो. रेल्वे काय, सूर्य काय, मोटारीपाशी आला की तीन फेजांतच येतो. त्याच २०२४ साली साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या शेतपंपांना मोफत वीज जाहीर झाली. सभासदांनी तिचे स्वागत केले, आम्हीही केले. पण रात्री दोनची मोफत वीज आणि सकाळी दहाची पैसे देऊन घेतलेली वीज यांतून निवड करायला सांगितली, तर आमच्या माहितीतले निम्म्याहून जास्त सभासद दुसरी घेतील. बिलच नाही म्हटल्यावर कपॅसिटर कशाला, असेही काही जण आता म्हणू लागले आहेत. त्यांना इतकेच सांगतो, बिल माफ झाले, डी.पी.ची ताकद वाढली नाही.

एक प्रश्न आपल्या कारखान्यालाही विचारायला हवा, आणि तो याच पत्रिकेत विचारला पाहिजे. हंगामात आपल्या उसाची चिपाडे बॉयलरमध्ये जळतात, त्यावर टर्बाइन फिरते, जनित्रातून थ्री फेज वीज निघते आणि कारखान्याची गरज भागून उरलेली ग्रीडला जाते. ऊस सभासदाचा, बगॅस सभासदाचा, वीज ग्रीडची, आणि तोच सभासद रात्री दारे धरतो. वीज एकदा ग्रीडमध्ये गेली की ती कुणाची हे सांगता येत नाही, करार असतात, दर असतात, हे आम्हाला कळते. पण आपल्याच उपकेंद्रावरून निघणाऱ्या शेती फीडरांना हंगामात तरी दिवसाची पाळी जास्त मिळावी, यासाठी संचालक मंडळाने वीज कंपनीशी लेखी बोलणी करावीत. नकार आला तर तो नकार वार्षिक सभेपुढे वाचून दाखवावा.

तोवर आपल्या हातात जे आहे ते करता येईल. आमची सूचना अशी की प्रत्येक डी.पी.वरच्या सभासदांनी आपले एक मंडळ करावे. कपॅसिटर, प्रिव्हेंटर, अर्थिंगची सळई आणि उशिराचा ऑटो कारखान्याने घाऊक भावाने आणून द्यावा आणि पैसे ऊसबिलातून दोन हप्त्यांत कापावेत. कपातीचे नाव काढताच कपाळाला आठ्या पडतात हे ठाऊक आहे; कपाती आधीच कमी आहेत असे नाही. पण एकदा वायंडिंग जळाले की त्याचे, पंप वर काढायचे, दोरीवाल्या गड्यांचे आणि गेलेल्या पाळीचे पैसे एकत्र करून बघावेत. ज्या डी.पी.वर एकही कंडेन्सर नाही अशी खात्री मंडळ देईल तिथे हे साहित्य आधी द्यावे, असेही आम्ही सुचवतो. उपसा सिंचनाच्या सहकारी इस्किमांनी तर हे कधीच करायला हवे होते. त्यांच्या मोटारी मोठ्या, त्यामुळे जळाल्या की नुकसानही मोठे.

पुढच्या महिन्यातल्या गट बैठकांत हा विषय घेतला आहे. सभासदांनी येताना आपल्या मोटारीच्या पाटीवरचा हॉर्सपॉवरचा आणि अँपिअरचा आकडा, आपल्या डी.पी.चा नंबर, तिच्यावर एकूण किती मोटारी आहेत तो आकडा, आणि गेल्या तीन वर्षांत मोटर किती वेळा जळाली हे कागदावर लिहून आणावे. प्रत्येक गट कार्यालयात यासाठी एक वही ठेवली आहे. त्या वहीतली बेरीज घेऊनच संचालक मंडळाचे लोक वीज कंपनीकडे जातील.